‘जर-तर’च्या पलीकडचा संकेतार्थ : सातारा-सांगलीच्या बोलीच्या निमित्ताने

१

क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मराठी व्याकरणाच्या अध्यापनात सांगितले जातात. यांपैकी पहिल्या तिहींच्या वाट्याला थोडीफार चर्चा येते. संकेतार्थ मात्र एका वाक्यात उरकला जातो. ज्या वाक्यात ‘जर-तर’ असेल ते संकेतार्थी, एवढी खूण विद्यार्थ्याच्या हाती दिली की शिक्षकाचे काम संपले असे मानले जाते. पदवी परीक्षेत आणि स्पर्धा परीक्षांत ‘क्रियापदाचा अर्थ ओळखा’ एवढाच प्रश्न येत असल्याने ही खूण बहुतेक वेळा पुरतेही. परीक्षेला पुरणारी खूण भाषेच्या आकलनालाही पुरते का, हा प्रश्न त्यामुळे उपस्थितच होत नाही.

वस्तुतः ही खूण दोन्ही बाजूंनी फसवी आहे. ‘जर पाऊस पडला, तर पेरणी होईल’ या वाक्यात ‘जर’ही आहे आणि ‘तर’ही आहे, तथापि ‘पडला’ आणि ‘होईल’ ही दोन्ही क्रियापदे रूपाने स्वार्थीच आहेत. वाक्यात अट आहे, पण ती अजून मोकळी आहे. पाऊस पडेल किंवा पडणार नाही. बोलणाऱ्याने कोणताच निवाडा दिलेला नाही. याउलट ‘तू आधी कळवायचे होतेस, मी स्टँडवर आलो असतो’ या वाक्यात ना ‘जर’ आहे ना ‘तर’. पण ‘आलो असतो’ हे रूप निखळ संकेतार्थी आहे. ‘थोडक्यात वाचला, नाहीतर गेला असता’, ‘एरवी तो एव्हाना पोचला असता’ ही वाक्ये याच जातीची. येथे अट उच्चारलेलीच नाही, तरी गोष्ट घडलेली नाही हे ऐकणाऱ्याला क्षणात कळते. हे ज्ञान त्याला अव्ययाने दिलेले नाही; क्रियापदाच्या रूपाने दिलेले आहे.

गोंधळाचे एक कारण परिभाषेतच आहे. क्रियापदाचा ‘संकेतार्थ’, ‘जर-तर’ यांना दिलेले ‘संकेतदर्शक उभयान्वयी अव्यय’ हे नाव आणि वाक्यप्रकारांतील ‘संकेतार्थी वाक्य’ या तिन्ही ठिकाणी ‘संकेत’ हाच शब्द योजलेला आहे. पहिल्या ठिकाणी तो रूपाविषयी, दुसऱ्या ठिकाणी जोडणाऱ्या शब्दाविषयी आणि तिसऱ्या ठिकाणी संपूर्ण वाक्याच्या आशयाविषयी बोलतो. या तिन्हींच्या सीमा स्पष्ट न करता प्रकरणे शिकवली गेली की विद्यार्थी सर्वांत ठळक दिसणारी खूण, म्हणजे अव्यय, धरून बसतो. अट सांगणे आणि न घडलेल्याची कल्पना करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. मराठीने दुसऱ्या क्रियेसाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूप राखले आहे. ते रूप अध्यापनातून जवळजवळ अदृश्य व्हावे, ही साधी उणीव नव्हे.

२

रूपाकडे वळले की चित्र अधिक सूक्ष्म होते. ‘असणे’ या धातूची रूपे पाहावीत. वर्तमानकाळात ‘तू असतोस, तू असतेस, तो असतो, ती असते, ते असतात, त्या असतात’ अशी रूपे होतात. संकेतार्थात ‘तू असतास, तू असतीस, तो असता, ती असती, ते असते, त्या असत्या’ अशी होतात. म्हणजे द्वितीय पुरुषाचे एकवचन, तृतीय पुरुषाचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी एकवचन आणि तृतीय पुरुषाचे अनेकवचन या ठिकाणी दोन्ही मालिका वेगळ्या पडतात. परंतु ‘मी असतो’, ‘मी असते’, ‘आम्ही असतो’, ‘तुम्ही असता’ आणि नपुंसकलिंगी एकवचनी ‘ते असते’ या ठिकाणी त्या एकरूप आहेत. ‘मी रोज सहा वाजता घरी असतो’ आणि ‘मी घरी असतो तर दार उघडले असते’ या दोन वाक्यांतील ‘असतो’ डोळ्यांना सारखेच दिसते. कर्ता बदलून ‘तो’ केला की एक ‘असतो’ राहतो आणि दुसऱ्याचा ‘असता’ होतो. परंपरागत व्याकरणातील ‘प्रथम ताख्यात’ आणि ‘द्वितीय ताख्यात’ हा भेद याच निरीक्षणावर उभा आहे. जुन्या व्याकरणकारांनी रूप आधी पाहिले आणि अर्थ मागाहून सांगितला. अलीकडच्या मार्गदर्शक पुस्तकांनी हा क्रम उलटा केला.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘तो येता तर बरे होते’ यांसारखी साधी ता-रूपे जुन्या गद्यात मोकळेपणाने आढळतात. आजच्या मराठीत साधे रूप प्रामुख्याने ‘असणे’ आणि ‘नसणे’ यांच्यापुरते उरले आहे. अन्य धातूंचे काम ‘आला असता’, ‘करत असता’, ‘जाणार असता’ अशा संयुक्त रूपांनी भागते. त्यातही ‘आला असता’ या रूपाने आपले क्षेत्र बरेच विस्तारले आहे. ‘काल आलो असतो, पण गाडी चुकली’ हे भूतकाळाविषयी आहे. ‘उद्या आलो असतो, पण परीक्षा आहे’ हे भविष्याविषयी आहे. रूप मात्र तेच. मराठीच्या दृष्टीने येथे काळ महत्त्वाचा नाही, गोष्ट वास्तवाच्या बाहेर आहे हे महत्त्वाचे आहे. संकेतार्थाला ‘काळ’ न म्हणता ‘अर्थ’ म्हणण्यामागचे खरे समर्थन या जोडीत सापडते. पाठ्यपुस्तकांत ही जोडी सहसा भेटत नाही.

लेखनाने या गोंधळात स्वतःची भर घातली आहे. ‘तो घरी गेला असता त्याला पत्र मिळाले’ या वाक्यातील ‘असता’ हे संकेतार्थी नाही. ते ‘असताना’ या अर्थाचे कृदंत अव्यय आहे. पूर्वी ते ‘असतां’ असे सानुस्वार लिहिले जाई, त्यामुळे डोळ्यांना भेद दिसे. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही रूपे लेखनात एक झाली. ती सुधारणा योग्यच होती. पण लेखनातून गेलेला भेद अध्यापनाने सांभाळावयास हवा होता, आणि तो सांभाळला गेला नाही.

३

हा सारा प्रश्न सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील वर्गात एक वेगळेच वळण घेतो. हे दोन जिल्हे भाषेच्या दृष्टीने परस्परांपासून फार दूर नाहीत. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावानेच अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची गावे, माणदेशाचा कोरडा पट्टा आणि पूर्वेला जत-मिरजेकडे कन्नडशी लागून असलेला प्रदेश असे पोटभेद येथे आहेत. पण तृतीय पुरुषी स्त्रीलिंगी वर्तमानकाळाचे एक रूप या टापूतील ग्रामीण बोलीत ठायी ठायी ऐकू येते. प्रमाण मराठीत ‘ती जाते, ती येते, ती असते’. येथे ‘ती जाती, ती येती, ती असती’. अनेकवचनी ‘जातात’चे ‘जात्यात’ होते. ‘आई दुपारची रानात असती’ हे या भागातील अगदी सरळ, स्वार्थी, वर्तमानकाळी वाक्य आहे.

आता हीच विद्यार्थिनी शाळेत आणि पुढे महाविद्यालयात येते. ‘ती शाळेत जाती’ असे लिहिले की ‘जाती’वर लाल रेघ ओढली जाते आणि वर ‘जाते’ लिहिले जाते. वर्षानुवर्षे ही दुरुस्ती होत राहते. मग एके दिवशी संकेतार्थाचे प्रकरण येते आणि फळ्यावर वाक्य लिहिले जाते : ‘आई घरी असती, तर मी आले असते.’ काल जे ‘असती’ चूक होते ते आज आदर्श उदाहरण झाले. ते काल का चूक होते आणि आज का बरोबर, हे कोणी सांगत नाही. सांगता यावे यासाठी दोन ता-मालिकांचा भेद शिकवावा लागतो, आणि तोच तर अभ्यासक्रमातून गळालेला असतो. विद्यार्थिनी स्वतःपुरता एक निष्कर्ष काढते : व्याकरण हा मर्जीचा कारभार आहे. तो निष्कर्ष चुकीचा असला तरी तिला मिळालेल्या पुराव्यावरून तर्कशुद्ध आहे.

बोलीभाषक या दोन ‘असतीं’मध्ये घोटाळा करतो काय? मुळीच नाही. ‘आई घरी असती’ आणि ‘आई घरी असती तर’ यांतील अंतर त्याला स्वच्छ कळते. स्त्रीलिंगी एकवचनात रूपाने सोडलेले काम तेथे ‘तर’ने, दुसऱ्या वाक्यांशातील संयुक्त रूपाने आणि स्वरोच्चाराने उचललेले असते, पुल्लिंगात ‘असतो’ आणि ‘असता’ हा भेद बोलीतही शाबूत असतो. प्रमाण मराठी हेच प्रथम पुरुषात करते. ‘मी असतो’ हे रूप दोन्ही अर्थांनी वापरताना प्रमाणभाषकाला कधी अडचण वाटलेली नाही. फरक एवढाच की प्रमाण मराठीत एकरूपता ‘मी’ आणि ‘तुम्ही’च्या घरात आहे, सातारा-सांगलीच्या बोलीत ती ‘ती’च्या घरातही आली आहे. एका एकरूपतेला व्याकरण म्हणायचे आणि दुसरीला अशुद्धता, याला भाषाशास्त्रीय आधार नाही.

जत आणि मिरज तालुक्यांच्या पूर्व भागातील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी कन्नड बोलली जाते, त्यांच्याकडे आणखी एक दृष्टी असते. कन्नडमध्ये अटीचा बोध क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययाने होतो. ‘मळे बंदरे’ म्हणजे ‘पाऊस आला तर’. आरंभी स्वतंत्र ‘जर’ लागत नाही. मराठीतही ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ सहसा गाळता येत नाही आणि तो क्रियापदाला चिकटून वाक्यांशाच्या टोकाला येतो. या विद्यार्थ्याला हे साम्य दाखवून दिले तर संकेताची खूण आरंभीच्या ‘जर’मध्ये शोधण्याचे कारणच उरणार नाही. घरची भाषा ही अडचण न राहता साधन होईल.

४

दोन्ही ता-मालिका एकमेकींच्या इतक्या जवळ का, याचे उत्तर इतिहासात आहे. संस्कृतात न घडलेल्या क्रियेसाठी लृङ् हा स्वतंत्र लकार होता. त्याच्या विषयाला व्याकरणकार ‘क्रियातिपत्ति’ म्हणतात, म्हणजे क्रियेचे निष्पन्न न होणे. ‘अभविष्यत्’ या रूपाची घडण मोठी बोलकी आहे. मध्ये भविष्यकाळाचे अंग, आरंभी भूतकाळाचा अकार आणि शेवटी भूतकाळाचे प्रत्यय. जे पुढे व्हायचे होते ते मागेच राहिले, हा आशय रूपानेच चितारलेला आहे. प्राकृतांत हा लकार मावळला आणि त्याच्या जागी वर्तमानकालवाचक धातुसाधित येऊ लागले. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या योजनेची नोंद आहे. मराठीची ता-रूपे या धातुसाधिताच्या वंशातली. त्याच बीजातून मराठीचा वर्तमानकाळही निघाला. एकाच मुळाच्या दोन फांद्या असल्यामुळे त्या काही ठिकाणी अजून एकमेकींना चिकटलेल्या आहेत, आणि कोणत्या ठिकाणी चिकटाव्यात हे प्रत्येक बोलीने आपापल्या परीने ठरवले आहे.

या संदर्भात एका दूरच्या भाषेची तुलना उपयुक्त ठरते. स्पॅनिशमधील संकेतार्थी रूप इतके नियमित आहे की त्याचे अध्यापन एका तासिकेत आटोपावे. त्या भाषेत धातूंचे तीन वर्ग आहेत. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘कोमेर’ म्हणजे खाणे, ‘बिबिर’ म्हणजे जगणे किंवा राहणे. वर्तमानकाळात प्रत्येक वर्गाचे प्रत्यय वेगळे. संकेतार्थात मात्र तिन्हींना एकच मालिका लागते, आणि तीही मूळ धातुरूप अखंड ठेवून त्याच्या पुढे : ‘आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ’. पुरुष-वचनांनुसार ‘ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन’ एवढे सहा प्रत्यय पाठ केले की नियमित धातूंचा विषय संपला. अनियमित अंगे मोजकी आहेत, आणि भविष्यकाळाची अनियमित अंगे तीच संकेतार्थाची अंगे.

हे साम्य योगायोगाचे नाही. भविष्यकाळी ‘आब्लारे’ हे रूप ‘बोलणे’ आणि ‘असणे-जवळ असणे’ या अर्थाच्या साहाय्यक धातूचा वर्तमानकाळ यांच्या संयोगातून घडले. संकेतार्थी ‘आब्लारीआ’ त्याच धातूच्या भूतकाळी ‘आबीआ’ या रूपाच्या संयोगातून घडले. दोन्हींचा सांधा मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये इतका सैल होता की मध्ये सर्वनाम घालता येई. शेजारच्या पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते आजही घालता येते. म्हणजे भविष्याचे अंग आणि भूतकाळाचा प्रत्यय! संस्कृत लृङ् आणि स्पॅनिश संकेतार्थ यांची घडण एकाच कल्पनेवर झाली आहे, आणि दोघांमध्ये या बाबतीत कोणतीही देवघेव झालेली नाही. लॅटिनमध्ये असे रूप नव्हते. तिच्या लेकींनी ते नव्याने घडवले. मराठीने मात्र ती वाट सोडून धातुसाधिताची वाट धरली.

या रूपाला काय म्हणावे याविषयी स्पॅनिश व्याकरणातही दीर्घ वाद झाला आहे. आन्द्रेस बेल्यो याने १८४७ मधील आपल्या व्याकरणात त्याला भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळ मानून तसे नाव दिले. स्पॅनिश अकादमीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला स्वतंत्र अर्थाचा दर्जा दिला होता. १९७३ च्या तिच्या व्याकरणविषयक आराखड्यात ते स्वार्थाखाली, काळांच्या रांगेत आले. बाह्यतः निर्दोष असलेल्या रूपाविषयीही ‘काळ की अर्थ’ हा प्रश्न सव्वाशे वर्षे चालू राहिला. मराठी विद्यार्थ्याला या वादाची आठवण करून देणे आवश्यक आहे, कारण त्याच्यासमोर ‘अर्थ चार’ हे विधान वाद संपलेल्या सत्यासारखे ठेवले जाते.

रोमान्स भाषांची चौकट आपल्याकडे अगदीच परकी आहे असेही नाही. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये इंग्रजीतून आले आणि दादोबा पांडुरंगांचे १८३६ मध्ये मराठीतून. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध करीपर्यंत आपल्या क्रियापदांना लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत अशा अनेकांच्या मापाचे कपडे चढवून पाहिले गेले. ‘संकेतार्थ’ ही कोटी त्या प्रयत्नांचेच फलित आहे. तिच्याकडे तयार उत्तर म्हणून नव्हे, एक प्रश्न म्हणून पाहावे लागते.

५

तुलनेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की रूप कितीही नियमित असले तरी त्याचा विनियोग नियमित नसतो. स्पॅनिशमध्ये ‘जर’ या अर्थाच्या ‘सि’ या शब्दानंतरच्या अटीच्या वाक्यांशात हे रूप चालत नाही. ‘माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो’ या आशयाच्या वाक्यात पहिल्या वाक्यांशात ‘तुबिएरा’ असे वेगळ्याच अर्थाचे रूप येते, आणि संकेतार्थी रूप फक्त दुसऱ्या, फलाच्या वाक्यांशात. मराठीत दोन्ही पारड्यांत एकच रूप : ‘असता’ आणि ‘आलो असतो’. सहा प्रत्यय पाठ करणारा मराठी विद्यार्थी नेमका येथे अडखळतो. मराठीची समतोल रचना तो स्पॅनिशवर लादतो.

गंमत अशी की खुद्द स्पेनमध्येही असे बोलणारे लोक आहेत. बास्क प्रदेश, नाबारा, ला रिओखा, बुर्गोस या उत्तरेकडील भागांत ‘सि तेंद्रीआ’, म्हणजे अटीच्या वाक्यांशातही संकेतार्थी रूप, हे सर्रास ऐकू येते. शाळा त्याला चूक ठरवते. भाषाभ्यासक त्याला बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात, त्याचे मूळ बास्क भाषेच्या संपर्कात आहे की नाही यावर वाद घालतात. विशेष म्हणजे भूतकाळी संयुक्त रचनेत ‘उबिएरा’ हे रूप दोन्ही वाक्यांशांत वापरणे प्रमाण स्पॅनिशलाही मान्य आहे. म्हणजे समतोल रचना एका ठिकाणी शिष्ट आणि दुसऱ्या ठिकाणी गावंढळ! बुर्गोसचा विद्यार्थी आणि खटाव-आटपाडीची विद्यार्थिनी यांची स्थिती फार वेगळी नाही. दोघांचीही रचना भाषेच्या आंतरिक शक्यतांमधूनच आलेली आहे. दोघांनाही केवळ ‘हे चूक’ एवढेच सांगितले जाते.

दुसरी गोष्ट अनुवादाशी निगडित आहे. स्पॅनिशचे हे एकच रूप चार-पाच कामे करते. ‘येईन असे तो म्हणाला’ हे सांगताना स्पॅनिश ‘येईन’च्या जागी संकेतार्थी रूप घालते, मराठी मूळ बोल जसाच्या तसा ठेवते. ‘तेव्हा दहा वाजले असतील’ या भूतकाळातील अंदाजाला स्पॅनिशमध्ये हेच रूप; मराठीत ‘असतील’. ‘जरा मदत कराल का?’ या आर्जवाला तेथे हेच रूप. मराठीत भविष्यकाळ, किंवा ‘एक विचारायचे होते’ अशी भूतकाळाची आडवाट. म्हणजे त्यांची एक मालिका ही आपल्याकडे असता-रूप, ईल-रूप, उद्धृत बोल आणि भूतकाळ यांत विभागलेली आहे. स्पॅनिश साहित्य मराठीत बहुधा इंग्रजीमार्गे येते, आणि इंग्रजीचे साहाय्यक क्रियापद या सर्व अर्थांखेरीज ‘तो रोज जात असे’ हा रीतिभूतकाळही पोटात घेते. संकेतार्थाची सीमा ज्या अनुवादकाला रूपावरून ठाऊक नाही, तो ‘जात असे’च्या जागी ‘जाईल’ लिहितो. ‘येथे मला नमूद करायला आवडेल’ हे चर्चासत्रांतून रूढ झालेले वाक्यही याच अज्ञानाचे अपत्य आहे. मराठी माणूस जे सरळ ‘नमूद करावेसे वाटते’ म्हणून सांगत असे, तेथे परक्या विनयाची छाया येऊन बसली.

६

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. प्रमाणभाषा शिकवणे हे शाळा-महाविद्यालयांचे काम आहे; बोलीचे कौतुक केल्याने विद्यार्थ्याचे नुकसान होईल; परीक्षेत ‘जाती’ला गुण मिळणार नाहीत. आक्षेपातील काळजी खरी आहे. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे झाली आणि त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. या शतकभरात खेड्यांतील मुलांना प्रमाण मराठीने नोकऱ्यांची, न्यायालयांची आणि ग्रंथांची दारे उघडून दिली, हे नाकारता येत नाही. पण प्रमाणभाषा शिकवणे आणि बोलीविषयी अज्ञान बाळगणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. ‘जाती’ऐवजी ‘जाते’ लिहावयाचे, हे सांगावेच; ते का, आणि ‘असती’ कोठे कायम राहते, हेही सांगावे. कारण कळलेली दुरुस्ती टिकते. केवळ रेघ ओढलेली दुरुस्ती टिकत नाही.

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात तर एक विसंगतीच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये आणि अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघेही याच मातीतले. एकाचे गाव माडगूळ, दुसऱ्याचे वाटेगाव. साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत या परंपरेतील बोलीचे सामर्थ्य विद्यार्थ्याने वाखाणावे अशी अपेक्षा असते. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत त्याच बोलीची रूपे त्याने टाळावीत अशी अपेक्षा असते. दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच विभागात, पुष्कळदा एकच शिक्षक शिकवतो. बोली ही साहित्यात सौंदर्य आणि व्याकरणात दोष, हे द्वैत जोवर तपासले जात नाही तोवर ग्रामीण साहित्याचा अभ्यासही शब्दांच्या चवीपलीकडे जाणार नाही. पात्र ‘असती’ म्हणते तेव्हा ते काय आहे ते सांगते की काय असायला हवे होते ते सांगते, हे ओळखणे म्हणजेच वाचन.

या रूपाचे महत्त्व व्याकरणाच्या तासापुरते नाही. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर अनुभवले. प्रत्येक वेळी धरणांतील विसर्गाविषयी सार्वजनिक वाद झाला. त्या वादात दोन प्रकारची वाक्ये होती : ‘पाणी आता सोडले तर खाली पूर येईल’ आणि ‘पाणी आधी सोडले असते तर घरात शिरले नसते’. पहिले वाक्य इशारा आहे. दुसरे जाब विचारणारे आहे. दुसऱ्या वाक्यात रूपाने जे होकारार्थी आहे ते वास्तवात नकारार्थी, आणि रूपाने जे नकारार्थी आहे ते वास्तवात होकारार्थी आहे. पाणी आधी सोडले नाही. पाणी घरात शिरले. वादात कोणाची बाजू खरी होती हा जलशास्त्राचा विषय झाला. पण जाब विचारणारा आणि जाब देणारा या दोघांनाही ही उलटापालट नेमकी कळावी लागते. जे घडले त्याला पर्याय होता का, हा प्रश्न इतिहासाच्या, न्यायाच्या आणि लोकशाहीच्या मुळाशी आहे, आणि मराठीत तो ‘असता’ या रूपावाचून विचारता येत नाही. ‘जर-तर’ला अर्थ नाही, असे आपण सहज म्हणून जातो, ज्यांचे घर पाण्यात गेले त्यांच्या दृष्टीने सारा अर्थ तेथेच असतो.

त्यामुळे अपेक्षा मोठ्या नाहीत, पण निश्चित आहेत. संकेतार्थाचे प्रकरण ‘जर-तर’पासून नव्हे, दोन ता-मालिकांपासून सुरू व्हावे, फळ्यावर त्या शेजारी-शेजारी मांडाव्यात आणि तिसऱ्या रकान्यात विद्यार्थ्यांच्या घरची रूपे लिहावीत. ‘अर्थ ओळखा’ या प्रश्नाऐवजी तीन वाक्ये देऊन ‘यांपैकी कोणत्या वाक्यातील गोष्ट घडलेली नाही आणि ते कोणत्या रूपावरून कळते’ असा प्रश्न विचारावा. पदव्युत्तर स्तरावर सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील संकेतार्थी रूपांची गावनिहाय नोंद करण्याचे काम हाती घ्यावे. कोल्हापूरकडे स्त्रिया ‘मी जातो, मी आलो’ असे पुल्लिंगी रूप वापरतात. तेथे ‘मी आले असते’चे काय होते, आणि ही सीमा वारणेच्या अलीकडे कोठवर येते, हे गावोगाव ऐकून नकाशावर उतरवण्याजोगे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या १९६२ मधील स्थापनेपासून हे तिन्ही जिल्हे एकाच विद्यापीठक्षेत्रात आहेत. अशा कामाला याहून सोयीची रचना दुसरी नाही. साधनेही फार लागत नाहीत. विद्यार्थी रोज ती रूपे घरून घेऊनच येतात.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे गोळा करावे लागले आणि ते योग्यच झाले. परंतु प्राचीनता केवळ शिलालेखांत आणि ताम्रपटांत नसते. प्राकृतातील एक धातुसाधित दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास करून माणदेशातल्या एखाद्या मुलीच्या तोंडी ‘असती’ होऊन उभे असते, आणि एकाच उच्चारात आहे आणि नाही या दोन्ही शक्यता सांभाळते. त्या रूपावर लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने ते वाक्य पूर्ण वाचावे, एवढे तरी व्याकरणाच्या अध्यापनाकडून अपेक्षिण्यास हरकत नसावी.